गोटा नको, सही पाहिजे

(बोरगाव इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही जण कंपनीतली शिफ्ट संपवून थेट इथे आले आहेत, काहींना सौंसरकडे परत जायचं आहे. म्हणून मी जास्त प्रस्तावना करत नाही. राज्यशास्त्र शिकते, त्यामुळे बोलताना एखाद-दोन कलमं येतीलच, तेवढं सहन करा.

आपल्या भागात चहाच्या टपरीवर हक्कांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सरळ बोटानं तूप निघत नाही, बाप्पा." पुढे कोणीतरी म्हणतं, काहून ज्ञापन देत बसता, रस्ता अडवा, दोन-चार काचा फोडा, मग बघा कसे धावत येतात. आणि मोबाईलवर असेही व्हिडिओ फिरतात की ज्याच्या हातात शस्त्र त्याचेच हक्क सुरक्षित. सरकार जनतेला घाबरलं पाहिजे, आणि घाबरायला बंदूक लागते. अमेरिकेत तर हा विचार तिथल्या राज्यघटनेच्या चर्चेतच बसलेला आहे.

मला हे म्हणणं मूर्खपणाचं वाटत नाही. त्यामागे अनुभव आहे. अर्ज देऊन, मंगळवारच्या जनसुनवाईत उभं राहून, १८१ वर तक्रार नोंदवून थकलेल्या माणसाचा तो राग आहे. पण प्रश्न असा की या रागातून हक्क मिळतो का? आणि मिळाला तर टिकतो का? मी याचं उत्तर दिल्लीतून आणणार नाही. इथून जवळच जाऊ, मुलताईला.

१२ जानेवारी १९९८. पांढुर्ण्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की मुलताई. पिकं बुडालेली, शेतकरी नुकसानभरपाई मागत होते. तहसील कार्यालयासमोर जमलेल्या त्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. चोवीस शेतकरी गेले. अग्निशमन दलाचा एक कर्मचारीही त्या दिवशी मारला गेला, आणि त्याच्याही घरी चूल होती हे आपण विसरायला नको. सरकारची बाजू अशी होती की जमावाने दगडफेक केली. शेतकऱ्यांची बाजू वेगळी होती. त्यानंतर खटले चालले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जन्मठेप झाली ती आंदोलनाचे नेते डॉ. सुनीलम आणि त्यांच्या दोन साथीदारांना. पुढे उच्च न्यायालयाने ती शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

यातून काय कळतं? पहिली गोष्ट, शस्त्राच्या खेळात सरकार नेहमीच आपल्यापेक्षा मोठं असतं. आपल्याकडे गोटा असेल तर त्यांच्याकडे रायफल आहे. आपण रायफल आणली तर ते पलटण आणतील. दुसरी गोष्ट, हातातला एक गोटासुद्धा समोरच्याला कारण देतो. कोणी फेकला, किती फेकले, आधी कोणी सुरुवात केली, याच वादात वर्षं जातात आणि पिकाच्या भरपाईची मूळ मागणी फाईलमध्ये मागे पडते.

आणि तिसरी गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मुलताईच्या मतदारांनी त्याच डॉ. सुनीलम यांना अपक्ष म्हणून आमदार केलं. जानेवारीत ज्यांच्यावर गोळ्या चालल्या त्यांनी दहा-अकरा महिन्यांत मतपेटीतून सांगितलं की आम्ही घाबरलो नाही. त्या कामासाठी एकही शस्त्र लागलं नाही.

आता घरचंच उदाहरण घेऊ. गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड उभं राहतं, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर गोटे. दरवर्षी डोकी फुटतात, माणसं गेलेलीही आहेत. प्रशासनाने काय काय केलं नाही? जमावबंदी लावली, पोलिसांचा ताफा आणला, गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. तरी गोटमार चालूच. मी इथे परंपरेवर भाषण करत नाही, तो वेगळा विषय आहे. मला फक्त एवढं दाखवायचंय की जिथे लोकांची संमती नाही तिथे शेकडो पोलीसही एक दिवसाचा खेळ थांबवू शकत नाहीत. सरकार पोलिसांवर चालतं असं आपल्याला वाटतं, पण रोजचा कारभार चालतो तो आपण ऐकतो म्हणून. कर भरतो, रांगेत उभे राहतो, सही करतो, मत देतो म्हणून. ही संमती आपली आहे. ती द्यायची कशी आणि काढून घ्यायची कशी, हे शिकलं की बंदुकीची गरज राहत नाही. आणि ज्या दिवशी गोटमार थांबेल, त्या दिवशी ती पोलिसांमुळे थांबलेली नसेल, दोन्ही काठांवरच्या आया-बहिणींनी ठरवलं म्हणून थांबलेली असेल.

आता सीमेच्या विषयावर येते, कारण आपण सगळे त्याच दुखण्याने इथे जमलो आहोत.

१ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. त्या राज्याने १९५० मध्ये राजभाषेचा कायदा केला, त्यात हिंदी आणि मराठी दोन्ही होत्या. म्हणजे सौंसरच्या माणसाने मराठीत अर्ज दिला तर तो राज्याच्याच भाषेत असायचा. मग राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आपण नव्या मध्य प्रदेशात आलो. रेघ ओढताना आपल्या गावांत कोणी मतपेटी आणून ठेवली नाही.

कायद्यानेही ती ठेवायची गरज नव्हती. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती संबंधित विधानसभेचं मत मागवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. पुनर्रचनेच्या वेळी आधी एक योजना विधानसभेपुढे गेली आणि संसदेने शेवटी दुसरीच, द्विभाषिक मुंबईची, मंजूर केली. त्याविरुद्ध बाबूलाल पराते कोर्टात गेले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विधानसभेला पुन्हा विचारायची गरज नाही. हे सगळं कायदेशीर होतं. पण कायदेशीर असणं आणि संमती घेतलेली असणं यात फरक आहे, आणि आपल्या भागाची सल त्याच फरकात आहे.

विचारलं असतं तर काय झालं असतं? याचं एक खरं उदाहरण आपल्याच भाषेच्या शेजारी आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची चिठ्ठी फुलाची, वेगळं राहण्याची दोन पानांची. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून दयानंद बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. निकाल लागला: वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. म्हणजे मराठीच्या नावाने लढणारी बाजू चौतीस हजार मतांनी हरली. आपल्याला वाईट वाटेल, पण पुढे काय झालं ते बघा. हरलेल्यांनी निकाल मानला. आणि काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याच्या लोकांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर आणलं. "तुमचं विलीनीकरण नको, पण तुमचं सरकार चालेल," इतकं बारीक उत्तर लोक देऊ शकतात, फक्त त्यांना विचारावं लागतं.

उलट जिथे विचारलं गेलं नाही तिथे जखम चिघळत राहिली. बेळगावकडच्या मित्रांना १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिवस मी काय सांगावा. मुंबई राज्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला. सेनापती बापटांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केलं, १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लोक थकतात, हे मला कळतं. पण थकव्यातून काय घडतं तेही आपण फेब्रुवारी २०२५ मध्ये पाहिलं. बेळगावजवळ एका बस वाहकाला मारहाण, मग दुसऱ्या बाजूला चालकाच्या तोंडाला काळं फासणं, मग दोन्ही राज्यांच्या बस बंद. ज्यांची बस बंद झाली ते कोण होते? कॉलेजला जाणारी पोरं, दवाखान्यात निघालेले म्हातारे. वाहक असो की चालक, तो आपल्यासारखाच पगारावर घर चालवणारा माणूस. त्याचा मान हासुद्धा एक हक्कच आहे. आपल्या हक्कासाठी त्याचा हक्क तुडवला तर आपण मागतोय ते नक्की काय?

इथे कोणी म्हणेल, हे सगळं गोड बोलणं झालं, निःशस्त्र राहून कोणी काय मिळवलं ते सांग. सांगते.

महाड, २० मार्च १९२७. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात बोल्यांनी १९२३ मध्येच मंजूर करून घेतला होता. हक्क कागदावर होता, पाण्यापर्यंत पोचला नव्हता. बाबासाहेब आणि हजारो माणसं शांतपणे चालत गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, लाठ्या पडल्या. परत मारायला माणसं कमी नव्हती, पण बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आवरलं. मग लढाई कोर्टात गेली आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षं! पण ते तळं नंतर कोणी पुन्हा बंद करू शकलं नाही.

याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं की आता संविधान आलंय, तर रक्तपाताचे मार्ग सोडा, आणि सत्याग्रहसुद्धा सोडा, जोवर घटनेचे मार्ग उघडे आहेत. हे आपल्यातल्या धरणं-मोर्चावाल्यांना टोचणारं आहे, मलाही टोचतं. माझा अर्थ असा: आधी दार वाजवा. दार असून ते न वाजवता भिंत फोडायला जाऊ नका. शांत मोर्चा काढण्याचा हक्क तर एकोणिसाव्या कलमातच दिलाय, आणि त्यातही शब्द आहे, शस्त्रांविना. घटनेने शस्त्राशिवाय जमणाऱ्यालाच संरक्षण दिलंय. हातात काही घेतलं की ते संरक्षण आपणच काढून टाकतो.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. ज्या जिल्ह्याचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे फक्त बंदुका येतात, एका बाजूला नक्षलवादी, दुसऱ्या बाजूला पोलीस, त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंड वस्तीचं छोटं गाव आहे. या गावाने ठरवलं की निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचे. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. अभ्यास गट केला, कायदा वाचला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. तरी बांबू विकायला वाहतुकीचा पास वनखातं देईना. गाव अडून बसलं, पण दगड उचलला नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. ज्या जंगलात दोन्ही बाजूंच्या बंदुकांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते ग्रामसभेच्या रजिस्टरने करून दाखवलं.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी एकच सांगते. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या जगभरच्या ३२३ मोठ्या लढ्यांचा हिशेब मांडला. सशस्त्र लढ्यांपैकी साधारण २६ टक्के यशस्वी झाले, निःशस्त्र लढ्यांपैकी ५३ टक्के. कारण सोपं आहे. बंदूक घेऊन जंगलात किती जण जातील? गावातली जवान पोरं, तीही थोडी. पण सही करायला, रांगेत बसायला, बहिष्कार घालायला आजी येते, शाळेची मुलगी येते, दुकानदार येतो. हेही लक्षात ठेवा की ५३ टक्के म्हणजे जवळजवळ निम्म्या निःशस्त्र लढ्यांनाही पूर्ण यश मिळालं नाही. शांत राहिलं की आपोआप जिंकतो असं नाही. मेहनत लागते.

मग आपल्या हातात, आत्ता, या भागात काय आहे? मी चार गोष्टी सांगते.

एक, अर्जाची भाषा. घटनेचं कलम ३५० सांगतं की कोणत्याही व्यक्तीला आपली तक्रार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे तहसीलमध्ये मराठीत अर्ज देणं ही मेहेरबानी नाही. कोणी बाबू म्हणाला "हिंदी में लिख के लाओ", तर भांडू नका. अर्जावरच कलम ३५० लिहा आणि पोच मागा. कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयीबद्दल आहे.

दोन, जिल्ह्याचं गणित. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मिळून काही संरक्षणं मान्य केलेली आहेत. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही काढायचे. जिल्ह्यात ६० टक्क्यांच्या वर असतील तर ती त्या जिल्ह्यापुरती जादा राजभाषा करायची. हा कायदा नाही, मान्य केलेलं धोरण आहे, म्हणून कोणी आठवण करून दिल्याशिवाय ते हलत नाही. आता बघा, छिंदवाडा जिल्ह्यात आपण एका कोपऱ्यात होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर मिळून. भागाकार करायचा आकडाच बदलला! टक्केवारी आता या दोन तालुक्यांवर निघणार. आणि ती कशावरून निघते? जनगणनेवरून. २०२७ च्या जनगणनेत मातृभाषा विचारतील तेव्हा घरात जे बोलता तेच सांगा. शहरात चांगलं दिसतं म्हणून हिंदी सांगू नका, आणि उत्तर लिहिल्यावर एकदा बघून घ्या. भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताला पाठवायच्या प्रत्येक ज्ञापनाचा पाया तोच आकडा असणार आहे.

तीन, ग्रामसभा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी आपण झेंडावंदन करून घरी येतो. नंतर रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. अरे, तीच तर आपली संमती! ती न वाचता देऊन टाकली आणि मग सरकार ऐकत नाही म्हटलं, तर कसं चालेल? ठराव वाचल्याशिवाय सही नको. ठरावाची प्रत दिली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मागा.

चार, परत बोलावण्याचा हक्क. आपल्या राज्याच्या पंचायत कायद्यात हे आहे, आणि बऱ्याच जणांना माहीतच नाही. निवडून आल्यावर अडीच वर्षं झाली असतील आणि ग्रामसभेच्या किमान एक तृतीयांश सदस्यांनी सह्या करून नोटीस दिली, तर सरपंचाला परत बोलावण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. एकूण सदस्यांपैकी अर्ध्याहून जास्त मतं विरोधात गेली की पद रिकामं. नगरपालिकांसाठीही मध्य प्रदेशात असं मतदान झालेलं आहे, त्याला लोक "खाली कुर्सी, भरी कुर्सी" म्हणतात, कारण चिन्हंच ती असतात, एक रिकामी खुर्ची, एक बसलेली. राजाला उतरवायला जगात युद्धं झाली. आपल्याकडे खुर्चीच्या चित्रावर शिक्का मारून होतं. मात्र हे हत्यार वैर काढायला वापरलं तर त्याची धार जाईल. अनेक गावांत दलित किंवा आदिवासी बाई सरपंच झाली की लगेच काही लोकांना हा कायदा आठवतो. तेव्हा आपण कोणत्या बाजूला उभे राहतो, तीही आपली परीक्षा आहे.

त्यावरूनच शेवटचा मुद्दा. आपण मराठीचा हक्क मागतो. पण याच दोन तालुक्यांत गोंडी बोलणारी घरं आहेत, पवारी बोलणारी आहेत, हिंदी बोलणारी आहेत. पांढुर्ण्याची विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, ते उगाच नाही. उद्या जिल्ह्याच्या पाट्या मराठीत झाल्या आणि गोंड आजीला दवाखान्यात मराठी येत नाही म्हणून कोणी हिडीसफिडीस केली, तर आपण भोपाळला दोष देत होतो ते काय म्हणून? संख्येच्या जोरावर एकट्याला गप्प करणं हीसुद्धा बळजबरीच, फक्त तिच्यात गोळी नसते. हक्क आधी माणसाचा असतो, एकट्या माणसाचा, मग भाषेचा आणि गटाचा. मेंढा गाव एका माणसाच्या विरोधासाठी थांबतं, ते मला म्हणूनच फार मोठं वाटतं.

"सरळ बोटानं तूप निघत नाही" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बोट एकटं असेल तर नाही निघत. इथे आज शंभरावर लोक आहेत. येत्या मंगळवारच्या जनसुनवाईला आपल्यातले दहा जण जरी मराठीत लिहिलेले अर्ज घेऊन गेले, पोच घेऊन आले, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या मंगळवारी वीस जण गेले, तर ती या नव्या जिल्ह्यातली पहिली नोंद होईल. ज्यांना अर्ज लिहायला मदत हवी त्यांनी बैठक संपल्यावर इथेच थांबा. कागद, पेन आणलेत. आधी शाळेचा, मग बसचा, मग रेशनचा, एकेक विषय घेऊ.

काका, तुमचा अर्ज पहिला लिहू या.